एल निनो आला म्हणजे आमचा पाऊस गेला का? तासगावच्या एका प्रश्नाला लांबलचक उत्तर

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका तरुण द्राक्ष बागायतदाराचा आहे. "सर, टीव्हीवर सारखं एल निनो एल निनो चाललंय, म्हणजे पाऊस नाहीच असं धरून चालायचं का? मग २०१९ ला पण एल निनो म्हणत होते आणि सांगली बुडाली, ते कसं काय? आणि मी छाटणी कधी घेऊ, बोअर आत्ताच मारून ठेवू का?"

एका दमात चार प्रश्न, आणि चारही बरोबर आहेत. मी या पट्ट्यात चोवीस वर्षं शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देतोय, त्यातली निम्मी वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. थोडक्यात उत्तर पाहिजे असेल तर एवढंच, की एल निनो आहे का नाही यापेक्षा तुमच्या गावात पाऊस कुठल्या महिन्यात पडतो हे आधी विचारा, मग समुद्र काय करतोय ते बघा. पण एवढ्यावर समाधान होणार नाही, म्हणून मुळापासून सांगतो.

घरी दूध तापवून गार करायला ठेवलंय, वर साय धरलीय, आणि तुम्ही एका कडेनं फुंकर मारताय. काय होतं? साय समोरच्या कडेला जाऊन गोळा होते आणि तुमच्या बाजूला खालचं दूध उघडं पडतं. प्रशांत महासागराचं अगदी असंच आहे. विषुववृत्तावर वारे कायम पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतात, म्हणजे दक्षिण अमेरिकेकडून इंडोनेशियाकडं, आणि हे वारे वरचं तापलेलं पाणी ढकलत ढकलत इंडोनेशियाच्या कडेला नेऊन जमवतात. तिकडं समुद्राची पातळीसुद्धा पेरूच्या बाजूपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते, आणि पाणी साताठ अंशांनी गरम. पेरूच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतंय, त्या गार पाण्यात माशांचं खाद्य भरपूर, म्हणून तिथं मासेमारी जोरात.

आता फुंकर मंदावली तर? साय परत सरकायला लागते. वारे ढिले पडले की पश्चिमेला साठलेलं गरम पाणी लाटेसारखं पूर्वेकडं घसरतं, ही लाट पाण्याच्या आतून जाते आणि अख्खा प्रशांत ओलांडायला तिला दोन-तीन महिने लागतात. पेरूच्या कोळ्यांनी हे शे-दीडशे वर्षांपूर्वीच ओळखलेलं, नाताळच्या सुमाराला पाणी गरम होतंय आणि मासे गायब होतायत, म्हणून बाळ येशूच्या नावानं त्याला एल निनो म्हणायला लागले. उलट फुंकर जास्तच जोरात बसली, साय सगळी पलीकडं आणि इकडं नुसतं गार पाणी, तर ती ला निना. प्रशांतच्या मधल्या एका ठरावीक पट्ट्यातलं पाणी नेहमीपेक्षा अर्धा अंश जास्त तापून काही महिने तसंच राहिलं की एल निनो म्हणतात, अर्धा अंश गार पडलं की ला निना. अर्धा अंश ऐकून हसू येतं, पण तो अर्धा अंश हजारो किलोमीटरच्या समुद्राचा आहे, हे विसरायचं नाही.

याचा पावसाशी संबंध काय? जिथं पाणी तापलेलं तिथं चूल पेटली म्हणायची. वाफ वर जाणार, ढग होणार, पाऊस तिथंच कोसळणार. आणि वर गेलेली हवा कुठंतरी खाली यावी लागते, ती जिथं उतरते तिथं आभाळ कोरडं. नेहमीची चूल इंडोनेशियाच्या आसपास असते आणि आपण त्या चुलीच्या शेजारात बसतो. एल निनोत चूल उचलून प्रशांतच्या मध्यात नाहीतर पूर्वेला गेली की उतरणारी कोरडी हवा इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या डोक्यावर यायला लागते. त्याच वेळी पेरू-इक्वेडोरच्या वाळवंटी किनाऱ्यावर पूर येतात, ब्राझीलच्या ईशान्य कोपऱ्यात दुष्काळ पडतो, इंडोनेशियात जंगलं पेटतात, १९९७ ला आणि २०१५ ला पेटलेली. म्हणजे उष्ण कटिबंधातला पाऊस नाहीसा होत नसतो, त्याची जागा हलत असते. आपल्या वाटणीचा कुणाच्या तरी दारात पडत असतो, हे ऐकून बरं वाटत नाही पण आहे ते असं आहे.

हे सगळं शोधायच्या मागं आपलाच मान्सून आहे, ही गोष्ट मला फार आवडते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं दख्खन उजाड झालं, माणसं किड्यामुंगीसारखी मेली, म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव त्या काळातल्या दुष्काळी कामातला. ते एल निनोचं वर्ष होतं, पण तेव्हा कुणाला माहीत असणार. मग १८९९ ला परत तेच. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती माणूस भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला, मूळ विषय गणित, पण कारकुनांची फौज बसवून जगभरातले हवेच्या दाबाचे, पावसाचे आकडे एकमेकांशी ताडून बघत बसला आणि त्याला दिसलं की प्रशांतच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, तराजूसारखं. समुद्राचा आणि या तराजूचा धागा नंतर १९६९ मध्ये बियर्कनेस या शास्त्रज्ञानं जोडून दिला. वॉकर शोधत होता भारतातला दुष्काळ आधी कसा ओळखायचा, आणि सापडलं सगळ्या जगाच्या हवामानाचं बिजागर.

बहात्तरचा दुष्काळ तर तुमच्या आजोबांना विचारा. खडी फोडायची, सुकडी खायची, लाल मिलोची भाकरी. त्याच वर्षी पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही माशांचा धंदा बसला. पेरूतले कोळी रिकामी जाळी घेऊन घरी जात होते आणि माणदेशातली माणसं पाझर तलावाच्या कामावर होती, दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता पण समुद्र एकच होता. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या जवळपास पाऊण पटच झाला.

इथवर ऐकलं की माणूस म्हणतो, मग झालं की, एल निनो म्हणजे दुष्काळ. थांबा. १९९७ ला गेल्या शतकातला सगळ्यात दांडग्या एल निनोंपैकी एक आला, सगळे हबकले होते, आणि देशाचा पाऊस झाला १०२ टक्के. पाच वर्षांनी २००२ ला त्याच्या मानानं किरकोळ एल निनो आला आणि जुलैत निम्मासुद्धा पाऊस पडला नाही, सीझन १९ टक्के तुटीत गेला. त्याच्या पुढच्या वर्षी माण-खटाव-आटपाडीत काय परिस्थिती होती ते मी डोळ्यानं बघितलंय, टँकर आला की हंडे घेऊन बायका पळायच्या आणि विहिरीत ओतलेलं पाणी मातीसकट उपसायच्या.

मग मोठ्या एल निनोत पाऊस आणि छोट्यात दुष्काळ असं का? पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याचं उत्तर मांडलं. चूल किती मोठी पेटलीय यापेक्षा कुठं पेटलीय ते महत्त्वाचं. पाणी प्रशांतच्या मधोमध तापलं तर उतरणारी हवा बरोबर आपल्यावर येते, पार पेरूच्या कडेला तापलं तर आपल्याला धग कमी लागते. २००२ ला चूल मधोमध होती, १९९७ ला पूर्वेला. म्हणून "सुपर एल निनो" असा मथळा दिसला की मी घाबरत नाही, मी नकाशा उघडून गरम डाग कुठं आहे ते बघतो.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या परड्यातला समुद्र. हिंदी महासागरात पण अशीच साय इकडं तिकडं होते. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी गरम आणि सुमात्राच्या बाजूचं गार झालं तर त्याला पॉझिटिव्ह आयओडी म्हणतात, इंडियन ओशन डायपोल, उलटं झालं की निगेटिव्ह. हे १९९९ मध्ये नीट ओळखलं गेलं, जपानमध्ये काम करणाऱ्या साजी आणि यामागाता यांच्या टीमनं, त्यातले साजी आपल्या केरळचे. पॉझिटिव्ह असला की पश्चिमेकडं बाष्प जास्त आणि एल निनोनं लावलेला ब्रेक थोडा ढिला पडतो. १९९७ ला हा पण आपल्या बाजूनं होता. मात्र आयओडी हा काय रिमोट नव्हे. आयओडीमुळं मान्सून सुधारतो का मान्सूनचेच वारे आयओडी घडवतात, यावर शास्त्रज्ञांत अजून घासाघीस चालते, आणि त्याचा खरा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबरात असतो, जूनमध्ये पेरणीला तो फारसा उपयोगी पडत नाही.

आता २०१९. यात माझी पण फजिती आहे, ती सांगूनच टाकतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात अशक्त का होईना एल निनो होताच. जत-आटपाडीत चारा छावण्या चालू होत्या. मी मिरज पूर्व भागात एका मेळाव्यात माईक हातात घेऊन छातीठोकपणे सांगितलं की पाणी जपून वापरा, उशिरा आणि कमी पावसाची तयारी ठेवा. जून तसाच गेला, देशभरात ३३ टक्के तूट, मी मनात म्हटलं बघा, आपलं बरोबर आलं. आणि जुलै संपता संपता कोयना, वारणा, कृष्णेच्या वरच्या अंगाला असा पाऊस लागला की थांबायचं नाव नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा ४० फुटाला, धोका ४५ ला, आणि २००५ चा पूर लोक तोपर्यंत आयुष्यातला सगळ्यात मोठा समजत होते, तो पण मागं पडला. माझी चुलत बहीण सांगलीवाडीला असते. पिठाचा डबा, गॅस, पोरांची दप्तरं माळ्यावर चढवून ती पायरीवर बसलेली, आणि मला फोन करून म्हणते, "अण्णा, तुझा एल निनो कुठाय रे? त्याला म्हणावं ये की बाबा आता."

एल निनो गेलेला होता हेच तर त्याचं उत्तर. जुलैपर्यंत प्रशांतमधलं पाणी नॉर्मलला आलेलं, इकडं हिंदी महासागरात पॉझिटिव्ह आयओडी तयार होत होता आणि तो पुढं शरदात विक्रमी ताकदीचा झाला. सीझन संपताना देशाचा पाऊस ११० टक्के, १९९४ नंतरचा सगळ्यात जास्त, एकट्या सप्टेंबरात सरासरीच्या दीडपट. त्याच आयओडीनं पुढं पूर्व आफ्रिकेत पूर आणले आणि ऑस्ट्रेलिया कोरडा पाडला, तिथली जंगलं जळाली. धरणातून पाणी कधी सोडलं, अलमट्टी धरणाची फुग, म्हणजे मागं तुंबणारं पाणी, किती, हा वाद वेगळा आहे, त्यात मी इथं पडत नाही. माझी चूक साधी होती. मार्च-एप्रिलमध्ये बघितलेल्या समुद्रावरून मी ऑगस्टचा पाऊस सांगत होतो.

या चुकीला शास्त्रात नाव आहे, वसंतातला अडथळा. फेब्रुवारी ते मे या काळात प्रशांत महासागर कूस बदलत असतो, वारे आणि पाणी दोन्ही अस्थिर, त्या काळात केलेले अंदाज सगळ्यात कच्चे. जूनच्या नंतरचे अंदाज बरेच भरवशाचे. आणि आपली गंमत अशी की बातम्या सगळ्या येतात एप्रिलमध्ये. म्हणजे स्थळ बघून आलोय एवढंच, आणि गावात वरात काढली.

आता येतो मुद्द्यावर, ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. सातारा-सांगली म्हणजे एक हवामान नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आतबाहेर. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इथला पाऊस अरबी समुद्रावरून जोरात येणारे वारे घाटाला धडकून पडतो, त्याचा जीव जुलै-ऑगस्टात. एल निनोच्या वर्षात पण वारे आठ-दहा दिवस जोरात आले की घाट आपली कामगिरी करतो, सहा हजाराचे पाच हजार झाले तरी कुणाच्या लक्षात पण येत नाही. पण माण, खटावचा पूर्व भाग, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, इथं घाट ओलांडून आलेले ढग रिकामे असतात. जुलैत तुम्ही बघितलं असेल, आभाळ भरलेलं, वारं सुसाट, आणि अंगणात चार थेंब. या भागाचा खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या आसपास, दुपारी उकडून संध्याकाळी गडगडाटासह येणारा, नाहीतर बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र खाली सरकत आलं तर.

आणि एल निनोची सवय काय? तो उन्हाळ्यात उगवतो, पावसाळ्यात वाढतो, डिसेंबरच्या सुमाराला भर जवानीत येतो. म्हणून वाढत्या एल निनोचा त्रास साधारणपणे पावसाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात जास्त जाणवतो. तुमचा पाऊसच दुसऱ्या अर्ध्यातला. पाटणच्या माणसाला जे वर्ष "जरा कमी" वाटतं ते जतच्या माणसाला दुष्काळाचं वर्ष ठरतं ते यामुळं. पाचशेतले दीडशे गेले की पीक गेलं.

हा पण कायदा नाही बरं का. २०२३ बघा. एल निनो वाढत होता, जुलैत १३ टक्के जास्त पाऊस झाला, सगळे निवांत, आणि ऑगस्ट आला तो १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, देशात ३६ टक्के तूट. आश्लेषा गेली, मघा गेली. आपल्याकडं म्हणतातच, न पडतील मघा तर ढगाकडे बघा, महिनाभर तेच चाललेलं. माझ्या दारातल्या पर्जन्यमापकाची वही आहे, सकाळी साडेआठला काचेचं मोजपात्र डोळ्याच्या पातळीला धरून वाचायचं आणि लिहायचं, त्या ऑगस्टच्या पानावर शून्याखाली शून्य, शून्याखाली शून्य, शेवटी शेवटी तर मी शून्य काढायच्या ऐवजी नुसती रेघ ओढलीय. सप्टेंबरात पॉझिटिव्ह आयओडी मदतीला आला, पाऊस सुधारला, देशाचा आकडा ९४ टक्क्यांवर थांबला. पण ९४ टक्के म्हणजे अख्ख्या देशाचा, त्यात मेघालय पण आलं आणि म्हसवड पण आलं. इकडं कोयना काठोकाठ भरलं नाही, आणि सरकारनं दुष्काळाची जी पहिली ४० तालुक्यांची यादी काढली त्यात शिराळ्याचं नाव. शिराळा, भाताचा तालुका! कारण त्यांचा पाऊसच जुलै-ऑगस्टातला आणि नेमका ऑगस्टच गेला. म्हणून म्हणतो, आधी आपला महिना ओळखा.

आणि एल निनो नसला म्हणजे सगळं ठीक असं पण नाही. २०१२ ला प्रशांतमध्ये सांगण्यासारखा एल निनो नव्हता, देशाचा आकडा ९२-९३ टक्के, पण आपल्या पूर्व भागात पुढच्या उन्हाळ्यात छावण्या आणि टँकर. तिकडं दोष द्यायला एल निनो नव्हता म्हणून टीव्हीवर पण कमी आलं.

मग महिन्यातल्या महिन्यात पाऊस का चालू-बंद होतो? त्याला तिसरा गडी आहे, एमजेओ, म्हणजे मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन. मॅडन आणि ज्युलियन या दोघांनी १९७१ मध्ये शोधला म्हणून त्यांची नावं. हा ढगांचा एक मोठा जथा असतो, विषुववृत्ताच्या कडेनं पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकत पृथ्वीला चक्कर मारतो, तीस ते साठ दिवसांत एक फेरी, वेग साधारण सेकंदाला पाच मीटर, म्हणजे आपण सायकलवर जातो तेवढा. पाटाच्या पाण्याची पाळी असते तसं समजा. पाळी हिंदी महासागरात आली की आपल्याकडं पावसाला जोर, पाळी पुढं प्रशांतात गेली की उघडीप. पावसाळ्यात याच्याच जोडीनं विषुववृत्तावरून उत्तरेकडं पण ढगांचे पट्टे सरकतात. एल निनो म्हणजे धरणात एकूण पाणी किती, आणि एमजेओ म्हणजे तुमची पाळी कधी. धरण अर्धं असलं तरी पाळी आली की रान भिजतंच, आणि धरण भरलेलं असून पाळी चुकली की उभं पीक वाळतं. मला विचाराल तर पेरणी, फवारणी, खत, असल्या कामांसाठी एल निनोपेक्षा हाच जास्त उपयोगाचा आहे, कारण तो दोन-तीन आठवडे आधी बऱ्यापैकी दिसतो. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज टाकतं, तो शेतकऱ्यांतले फार थोडे उघडतात, आणि व्हॉट्सॲपवर "अमुक तारखेला ढगफुटी" असलं काहीतरी सगळे वाचतात. महिनाभर आधी तारीख आणि गाव सांगणारा माणूस दिसला की नमस्कार करून पुढं जायचं.

एक गोष्ट अलीकडची. समुद्राचा पायाच वर सरकतोय. हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्यात १९०१ ते २०१२ या काळात साधारण १.२ अंशांनी तापला, हे आयआयटीएमच्याच रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी दाखवलंय. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे पडायला लागला की बदाबदा, आणि मधल्या उघडिपी लांब. आमच्या लहानपणीची झड, आठ-आठ दिवस भुरभुर, गोठ्यात बसून बसून जनावरं कंटाळायची, ती आता पूर्व भागात किती वेळा बघितली सांगा.

आता तुमची छाटणी. द्राक्षवाल्याचं दुखणं शाळूवाल्याच्या बरोबर उलटं आहे. म्हण काय आहे, पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती. शाळूवाल्याला माणिकमोती, आणि तुमच्या बागेत डाऊनी, म्हणजे केवडा रोग. आणि इथंच एल निनोचं दुसरं तोंड दिसतं, जे टीव्हीवर कुणी सांगत नाही. एल निनोच्या, आणि त्याहून जास्त पॉझिटिव्ह आयओडीच्या वर्षात ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस दक्षिण भारतात बहुतेक वेळा वाढतो. तामिळनाडूला ते वर्ष चांगलं जातं. आपण त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला आहोत, त्यामुळं दर वेळी होईल असं नाही, पण झालं की सोसत नाही. २०१९ ला परतीचा पाऊस लांबला, अरबी समुद्रात ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आणि मागोमाग महा अशी दोन वादळं, आणि तासगाव-पलूस-कवठेमहांकाळात लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यात सापडल्या, घडकूज आणि डाऊनीनं लोकांनी दिवसाआड फवारण्या केल्या आणि तरी घड गळाले. म्हणजे जून-जुलैत पाणी नाही म्हणून टँकरनं जगवलेली बाग ऑक्टोबरात पाण्यानं गेली.

तेव्हा एल निनोच्या बातमीवरून छाटणी पुढं-मागं करू नका. ऑगस्टच्या शेवटी आयओडीचा आकडा बघा, तोपर्यंत तो बराच स्पष्ट झालेला असतो. जोरात पॉझिटिव्ह असेल तर सगळी बाग एका तारखेला छाटायची नाही, दोन-तीन टप्पे करायचे, पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवून, म्हणजे एका पावसात सगळं क्षेत्र फुलोऱ्यात सापडत नाही. मजूर मिळत नाहीत, व्यापारी एकरकमी माल मागतो, हे सगळं मला माहीत आहे, तरी सांगतोय. आयओडी न्यूट्रल असेल तर तुमची नेहमीची तारीख धरा आणि पाळी बघून फवारणीचं नियोजन करा.

बोअरचं म्हणाल तर एल निनो पुढच्या पावसाचं सांगतो, बोअरला लागणारं पाणी मागच्या दोन-तीन पावसाळ्यांचं असतं. आपला काळा पाषाण, पाणी फटीतच असतं, शेजाऱ्यानं सहाशे फुटाला मारली म्हणून तुम्ही आठशेला गेलात तरी धूळच येईल याची शक्यता जास्त. मारायचीच असेल तर भर उन्हाळ्यात मारा, तेव्हा लागेल ते पाणी खरं, पावसाळ्यानंतर लागलेलं पाणी फसवतं. माझं ऐकाल तर त्या पैशात आधी शेततळ्याचा फाटलेला कागद बदला. जुलैच्या एखाद्या दांडग्या पावसात भरून घेतलेलं तळं कोरड्या ऑगस्टला पुरतं, हे २०२३ ला ज्यांच्याकडं तळं होतं त्यांनी अनुभवलंय.

आणि एक काम करा, तुमच्या महसूल मंडळाचे पावसाचे आकडे तालुका कृषी कार्यालयात मिळतात. २०१५ पासूनचे जून ते नोव्हेंबर महिन्यामहिन्याचे घ्या, एका कागदावर मांडा, २०१५, २०१९ आणि २०२३ लाल पेनानं वेगळी करा, आणि सोबत तुमच्या वहीतली त्या त्या वर्षीची छाटणीची तारीख लिहा. तो कागद पाठवा, मग तारखेचं बोलू.